बिनटपाची हेराल्ड: कारखान्यातून अशीच आली, की इथे कुणी टप उतरवला?

गाडीवेडा_इंदूर

मंडळी, एक उघडी हेराल्ड मोटार घेतली आहे. घरात अजून ‘मित्राची आहे, सांभाळायला ठेवलीय’ असं चाललंय, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया फोन करून अभिनंदन करू नये.

गाडी छत्रीबागेकडच्या एका वाड्याच्या पडवीत विटांवर उभी होती. दोन दारं, ९४८ सीसीचं इंजिन, कापडी टप उंदरांनी खाल्लेला, मागची प्लास्टिकची काच पिवळी पडून कडक झालेली. रंग लाल. दाराच्या आतल्या कडेला पॉलिश पेपर मारला तर लालाखाली फिका निळा लागला आणि त्याखाली मोतिया पांढरा. डॅशबोर्डच्या मागे, जिथे कुणी रंगाचा फवारा मारायला जात नाही, तिथेही तोच मोतिया.

आर.सी. बुक डुप्लिकेट आहे. त्यात मेक ‘ट्रायम्फ हेराल्ड’, वर्ष १९६०, बॉडी ‘ओपन’. नंबर मुंबईचा. ट्रान्सफरचे शिक्के मुंबई, मग खांडवा, मग इंदूर. बॉनेट उघडल्यावर बल्कहेडवर (इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यावर) जिथे नंबरची पाटी हवी, तिथे रिव्हेटची भोकं आणि त्यावरून लाल रंग. विकणारे काका शपथेवर सांगतात की गाडी होळकर महाराजांची. पुरावा विचारला तर म्हणाले, ‘अहो, त्या काळी उघडी गाडी दुसरं कोण घेणार?’

तर पहिला प्रश्न, हिचं मूळ कुठलं हे कसं शोधायचं? आणि दुसरा, नीट चालवायची तर काय काय सुधारावं? आमचे मिस्त्री म्हणतात मारुतीचं इंजिन-गिअरबॉक्स टाका, बकेट सीट, अलॉय, दोन महिन्यांत गाडी चकाचक. मोह होतोय, खोटं कशाला बोलू.

कट्टेकरी

रुमाल टाकून ठेवतो. फोटो दिसत नाहीयेत.

पान्हा_दहा_बारा

इंजिनाचं नंतर, आधी जन्माचं बघू. एकदा जुने तुकडे उचकटून भंगारात गेले की शोधायला काही उरत नाही. मिस्त्रींना थोपवून धरा.

हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली आली. आरेखन इटलीच्या मिकेलोत्तीचं. उघडी आवृत्ती १९६० मध्ये आली, त्यामुळे तुमच्या बुकातलं वर्ष अगदीच अशक्य नाही. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटरने १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ काढली, तीही ९४८ सीसीचीच. पुढे चार दारांची मार्क थ्री आली, ती फक्त भारतात. तुमची दोन दारांची आहे, म्हणजे एक तर इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्याची ट्रायम्फ, नाही तर मद्रासची सुरुवातीच्या वर्षांतली.

कॉव्हेंट्रीची असेल तर कमिशन नंबर, म्हणजे त्या पाटीवरचा नंबर, वाचला की वाद मिटतो. नंबराच्या शेवटी सी.व्ही. म्हणजे कन्व्हर्टिबल (कापडी टपाची उघडी), डी.एल. म्हणजे सलून (पत्र्याच्या पक्क्या टपाची नेहमीची), सी.पी. म्हणजे कूपे (लहान टपाची). ट्रायम्फच्या जुन्या नोंदी इंग्लंडात गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत. फी भरली की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात, त्यात बांधणीची तारीख, मूळ रंग, गाडी कुठे रवाना झाली असं सगळं मिळतं. पण तुमच्याकडे पाटीच नाही. आणि अशी पाटी आपोआप गळून पडत नाही हो, रिव्हेट कुणीतरी ड्रिलने उडवलेत.

आता मुद्द्याची गोष्ट. हेराल्डची चेसिस (खालचा सांगाडा) वेगळी आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले. सलूनचा टपसुद्धा बोल्टचाच! पुढे विंडस्क्रीनच्या चौकटीला आणि मागे डेकला. त्यामुळे हेराल्ड ‘उघडी’ करायला करवत लागत नाही, पाने लागतात. फियाट किंवा अँबेसेडरचा टप कापला तर गाडी मधून वाकते. हिचं तसं नाही, म्हणून ही हौस हिच्याच वाट्याला जास्त आली.

तेव्हा मागच्या सीटच्या पाठीमागे डेकवर, कापडी टपाची पट्टी जिथे ठोकली आहे ती सोडवा आणि पट्टीखाली पत्रा खरवडा. तिथे बोल्टची भोकं बुजवलेली सापडली तर ती जन्माने सलून. आणि टपाची लोखंडी चौकट नीट बघा. कारखान्याची आहे की पाइप वाकवून वेल्डिंग केलेली, हे लगेच कळतं.

राजवाडा_ते_रीगल

महाराजांचं मी सांगतो. इंदूरात प्रत्येक जुनी गाडी होळकरांची असते आणि प्रत्येक जुना पलंगही. यशवंतराव होळकर दुसरे डिसेंबर १९६१ मध्ये गेले. त्यांच्या गाड्यांचा थाट काय होता हे जगाला माहीत आहे. अमेरिकेहून ड्यूझेनबर्गची चेसिस मागवायची आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर बॉडी बांधून घ्यायची, असा तो माणूस. तो ९४८ सीसीच्या हेराल्डमध्ये बसून सराफ्यात गेला असेल असं मानायला माझी ना नाही, पण कागद दाखवा.

किल्लेदार_ग्वाल्हेर

आमच्याकडेही हेच. इथे प्रत्येक जुनी गाडी शिंदे सरकारांची. मजा अशी की एका गाडीचं ते खरंही आहे: १९०८ च्या मुंबई–कोल्हापूर चाचणीत गाजलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनीच घेतली. त्या एका गाडीच्या पुण्याईवर बाकीचे शंभर जण भाव वाढवून सांगतात.

बडोद्याची_सून

आमच्या सासऱ्यांची हेराल्ड होती, त्यामुळे तिचे कागद निस्तरायचा अनुभव आहे. डुप्लिकेट आर.सी. वर विसंबू नका. डुप्लिकेट बनवताना कारकुनाच्या हातात जे असेल ते उतरतं. अर्जात मालकाने ‘ट्रायम्फ, ओपन’ लिहिलं असेल तर बुकातही तेच येणार.

मूळ नोंद जिथे झाली त्या कार्यालयातल्या रजिस्टरची नक्कल मागा, माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शिवाय ट्रान्सफरच्या फाइली मागा. त्यात चेसिस प्रिंट असतो. कागद पाटीवर किंवा खोदलेल्या नंबरवर ठेवून वरून पेन्सिल घासतात, तो. पाटी हरवली तरी तिचा ठसा फाइलीत पडून असू शकतो. आमचं काम त्यानेच झालं.

आणि एक, गाडीतल्या ल्यूकस कंपनीच्या विजेच्या वस्तू पुसून बघा. डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्यूटर, वायपरची मोटर. अंगावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं.

गाडीवेडा_इंदूर

पट्टी सोडवली! खाली पुटीन, पुटीनखाली शिसं, शिशाखाली गोल भोकं, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. टपाची चौकट म्हणजे पाण्याच्या पाइपचा मोठा भाऊ, जोडाला वेल्डिंगचे फुगे. पान्हासाहेब, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत.

डायनामो रॉकेलने पुसला. ‘ल्यूकस-टीव्हीएस’ आणि शेजारी ६४.

शंकेखोर

ल्यूकस-टीव्हीएस कंपनीच १९६१ ची, मद्रासची. म्हणजे तो डायनामो १९६० च्या इंग्लिश गाडीत पहिल्यापासून नसणार एवढंच सिद्ध झालं. डायनामो बदलतात लोक. माझ्या स्कूटरवर चार गाड्यांचे भाग आहेत, म्हणून ती चार गाड्या होत नाही.

पान्हा_दहा_बारा

बरोबर. एका भागावर काही ठरत नाही. पण स्टार्टर, डिस्ट्रिब्यूटर आणि वायपर तिन्ही एकाच सुमाराचे निघाले तर? डायनामो जळतो, वायपरची मोटर कोण बदलतो!

गाडीवेडा_इंदूर

वायपर मोटर: ६४. डिस्ट्रिब्यूटर: ६४. स्टार्टरचे आकडे गंजलेत.

शंकेखोर

मग माझी शंका मागे.

गाडीवेडा_इंदूर

बरेच दिवस गायब होतो, माफी. पावसात गाडी झाकून ठेवली आणि कागदांच्या मागे लागलो.

रजिस्टरची नक्कल आली. मेकर ‘स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, मद्रास’. वर्ष १९६४. बॉडी ‘सलून’. रंगाचा रकाना चक्क भरलेला, ‘ऑफ व्हाइट’, म्हणजे आमचा मोतिया. खांडव्याच्या ट्रान्सफर फाइलीत पेन्सिलचा ठसाही मिळाला. अर्धा काळा, अर्धा पुसट, पण नंबर वाचता येतो आणि रजिस्टरशी जुळतो. शेवटी सी.व्ही. नाही. खांडव्यापर्यंत बॉडी सलूनच आहे, इंदूरच्या पहिल्या कागदावरही सलून. ‘ओपन’ आणि ‘१९६०’ ही जोडी पहिल्यांदा उगवते ती डुप्लिकेटमध्ये. टप उतरवल्याची वेगळी नोंद कुठेच नाही.

म्हणजे टप इंदूरातच उतरला. इथल्या मालकांपैकी एकांच्या चिरंजीवांशी बोलणं झालं. ते म्हणाले, घरात लग्न होतं, वरात उघड्या गाडीतून काढायची होती, म्हणून वडिलांनी टप काढला. परत बसवायचं राहून गेलं. निळा रंग त्याच वेळचा. लाल कुणी मारला त्यांना माहीत नाही.

राजवाडा_ते_रीगल

महाराजांऐवजी नवरदेव निघाला. मला तर ही गोष्ट जास्त आवडली.

फुकटचा_सल्ला

पाटी हवी असेल तर बनवून मिळते. सी.व्ही. टाकून, जुनाट दिसेल अशी. विकताना दुप्पट भाव.

पान्हा_दहा_बारा

@फुकटचा_सल्ला, हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मूर्खपणा आहे. गेडनला पत्र टाकलं की त्या नंबराची गाडी कुठे गेली, रंग काय होता हे कळतं, आणि पितळ उघडं पडतं. खोट्या ट्रायम्फपेक्षा खरी मद्रासी हेराल्ड बरी. संपादकांनी वरचा प्रतिसाद उडवला तरी चालेल.

बडोद्याची_सून

आता नोंदणीचं बघा, कारण सुधारणा काय करायच्या ते त्यावरून ठरेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्ही.ए. येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

पण खरी अट पुढची आहे. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. मारुतीचं इंजिन टाकलंत की ते दार बंद. आणि टप नसलेली सलून तपासणाऱ्यांना कशी वाटेल, हे आधी विचारून घ्या. २०२३ च्या जानेवारीत आमच्या लक्ष्मी विलास पॅलेसला ‘२१ गन सॅल्यूट’ हा जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला, तेव्हा मी गाड्यांपेक्षा परीक्षकांच्याच मागे फिरत होते. लोक चकाकी बघतात आणि परीक्षक वाकून खालचे बोल्ट बघतात.

शंकेखोर

टप बोल्टचा आहे, कापलेला नाही. मग तो ‘बदल’ कसा? उद्या परत बसवला की संपलं.

बडोद्याची_सून

बसवाल कुठून? आधी टप तर हवा ना! आणि तोवर कागदावर सलून आणि दारात उघडी गाडी, ही विसंगती आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल बसत नाही.

गाडीवेडा_इंदूर

तेच डोक्यात आहे. टप मिळाला तर बसवून सलून म्हणून कागद सरळ करून घेईन. मारुतीचा नाद सोडला, मिस्त्री रुसलेत. मग इंजिन तेच ठेवून चालायला आणि थांबायला धड कशी करू? हात कुठे आधी घालू?

पान्हा_दहा_बारा

आता रंगलं. थांबा, चहा आणतो.

सगळ्यात आधी पुढची चाकं. हेराल्डच्या पुढच्या सस्पेन्शनला खाली पितळी ट्रनियन असतो, त्याच्या आट्यांमध्ये उभा लिंक फिरतो. स्टिअरिंग वळवलं की तिथेच फिरतं. त्याला तेल लागतं, ग्रीस नव्हे. आपल्याकडे निपल दिसलं की पोऱ्या ग्रीसगन लावतो. ग्रीस आट्यांत पोचत नाही, वाळून खडा होतं, वरून पाणी शिरतं आणि आतून लिंक गंजत जातो. बाहेरून काहीही दिसत नाही. मग एक दिवस कमी वेगात वळताना तो तुटतो आणि चाक आडवं पडतं. तुमची वर्षानुवर्षं उभी होती, तेव्हा दोन्ही बाजू खोला, ब्रशने घासा, आट्या भिंगाखाली बघा. जरा जरी खड्डे दिसले तरी लिंक बदला. इथे काटकसर करायची नाही.

दुसरं, क्रँकचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या. बॉनेट उलटा (हेराल्डचं अख्खं बॉनेट पुढे उलटतं, त्यामुळे टायरवर बसून काम करता येतं, यासाठी मिकेलोत्तीला माझा नमस्कार). एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढच्या पुलीवर नजर ठेवायची. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली तर वॉशर झिजलेत. ते निसटून ऑइल पॅनमध्ये पडले की क्रँक आणि ब्लॉक दोन्ही खराब. वेळेत धरलं तर स्वस्तातलं काम आहे.

तिसरं, चेसिस. इंदूरात गंज मुंबईइतका नसतो, पण गाडी मुंबईत राहून आली आहे. चेसिसच्या आडव्या भुजा, आउटरिगर, त्यांना स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. मग दारांच्या फटी बघा. दाराच्या मागच्या फटीत वरचं अंतर खालच्यापेक्षा कमी असेल तर गाडी मधून बसली आहे. टप नसल्यामुळे हे तपासणं तुमच्यासाठी दुप्पट गरजेचं. जॅक लावून हीच फट परत बघा. आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय रंगाचं नावही काढू नका. लोक आधी रंग मारतात आणि मग वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जाळतात.

कट्टेकरी

मागचं चाक आत वळतं म्हणतात ते काय?

पान्हा_दहा_बारा

मागे स्विंग अ‍ॅक्सल, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या अर्ध्या अ‍ॅक्सलवर झुलतं, आणि एकच आडवा पाटा. वळणात वेगाने जाऊन एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू उचलते आणि चाक खाली आत दुमडतं. ट्रायम्फने पुढे आपल्या स्पिटफायर या स्पोर्ट्स गाडीला फिरता पाटा देऊन हे कमी केलं. हेराल्डनंतर आलेल्या आपल्या गॅझेलला तर स्टँडर्डने सरळ अखंड अ‍ॅक्सलच दिला. तुम्ही बायपासवर शर्यत लावणार नसाल तर नवीन रबरं, पाट्याला नीट कमान आणि चांगले शॉकअप पुरतात. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नाही.

फुकटचा_सल्ला

हे सगळं करून गाडी दिसायला तशीच राहणार की! पैसे खर्च केले हे कुणाला कळणार?

गाडीवेडा_इंदूर

घरी कळू नयेच, असा प्रयत्न आहे.

तारा_वायर

विजेचं माझ्याकडून. जुन्या हेराल्डला पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं. आधी मीटर लावून बघा, मध्ये कुणी उलटं केलं असू शकतं. अल्टरनेटर लावायचा तर निगेटिव्ह करावं लागेल. पण तो मूळ ६४ चा डायनामो टाकू नका, त्याच्याच पुराव्यावर तुमचं संशोधन उभं आहे! आर्मेचर गुंडाळून घ्या, ब्रश नवे घाला, त्यालाच चालवा. रात्री फारसं फिरणार नसाल तर तेवढी वीज पुरते.

फ्यूज मात्र घाला. माझ्या हातून गेलेल्या एका हेराल्डमध्ये नावालाही फ्यूज नव्हता, सगळ्या वायरी बॅटरीपासून थेट. वायरचं आवरण कापडी असेल तर हात लावला की भुगा होतो. नवा हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) घाला, जुन्या रंगांच्याच वायरी वापरा म्हणजे पुढच्या माणसाला शिव्या द्याव्या लागणार नाहीत.

शंकेखोर

पेट्रोलचे पाइप विसरू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं. जुनं रबर त्याने फुगतं नाही तर तडकतं. पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे होज इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. आणि पेट्रोल टाकीत भरून महिनोन्महिने गाडी उभी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

बडोद्याची_सून

ब्रेक ड्रमचेच राहू दे, फक्त सिलिंडर, होज आणि फ्लुइड सगळं नवं. इंग्लंडात हेराल्डच्या १२/५० मॉडेलला पुढच्या चाकांना डिस्क आले हे खरं, पण तुमची मद्रासची आहे आणि तुम्हाला ती मूळ रूपात ठेवायची आहे. आणि गाडी उघडी असेपर्यंत मागे मुलांना बसवून फिरू नका. पुढे बेल्ट लावणार असाल तर नुसत्या फरशीच्या पत्र्याला बोल्ट मारू नका, खाली जाड पट्टी घालून चेसिसच्या भुजेजवळ धरा.

गाडीवेडा_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. डावा ट्रनियन उघडला. आत ग्रीसचा दगड, आणि लिंकच्या आट्यांमध्ये दोन ठिकाणी खड्डे. उजवा बरा आहे, पण दोन्ही बदलतोय. मिस्त्रींना त्या खड्ड्यांचा फोटो दाखवल्यावर त्यांचा रुसवा गेला. आता तेच सियागंजातल्या दुकानांत लिंक शोधत फिरतायत. रंग मोतियाच करायचा, असं ठरवलंय. डॅशबोर्डच्या मागचा मोतिया तसाच ठेवून त्याच्यावरून शेड जुळवून घेणार.

राहिला टप. दोन दारांच्या स्टँडर्ड हेराल्डचा पत्र्याचा टप कुणाकडे पडून असेल, मागच्या काचेसह वा काचेविना, तर सांगा. रंग कुठलाही चालेल. कोंबड्यांवर झाकलेला असला तरी चालेल, कोंबड्यांची दुसरी सोय करून देईन.

किल्लेदार_ग्वाल्हेर

मुरारला एका गॅरेजच्या मागे मोडकी हेराल्ड उभी आहे, दोन दारांची वाटते. टप शाबूत आहे, खालचं बाकी काहीच नाही. रविवारी जाऊन फोटो काढतो. भाव मात्र तुम्हीच करा. मी गेलो तर तो म्हणेल, शिंदे सरकारांची आहे.

गाडीवेडा_इंदूर

जा, जा! बोल्टची अंतरं मोजून आणा, मी इकडची पाठवतो. आणि पान्हासाहेब, ट्रनियनला तेल नक्की कुठलं?

पान्हा_दहा_बारा

९० नंबरचं गिअर ऑइल. निपलमधून, बाहेर ताजं तेल डोकावेपर्यंत. आणि त्या पोऱ्याच्या हातातली ग्रीसगन आधी काढून घ्या.